कपाटाशेजारची पट्टी

जॅनिस सिंकखालच्या कपाटात कमरेपर्यंत शिरली होती आणि नळाच्या पाइपावरचा नट पान्याने पिळत होती. नट हलायला तयार नव्हता. तिने दात आवळून आणखी एक हिसका दिला, नट सुटला, आणि थंडगार पाण्याची धार सरळ तिच्या कानात शिरली. ती डोकं आपटत मागे सरकली, फरशीवर बसली आणि भिजल्या केसांनी त्या धारेकडे बघत राहिली.

"मेन कॉक बंद केला होतास ना?"

मागच्या दारात स्टॅन अक्रॉइड उभा होता, हातात स्वतःच्या घरून आणलेला चहाचा मग घेऊन. त्याच्या अंगणाचं फाटक तिच्या फाटकासमोरच, मधे फक्त फरसबंद गल्ली. कुणाच्या घरात ठोकाठोक सुरू झाली की स्टॅनला घरात बसवत नाही.

"केला होता," जॅनिस म्हणाली.

"मग हा झरा कुठला म्हणायचा?"

तिने बंद केला होता तो गरम पाण्याचा कॉक. स्टॅनने मग खाली ठेवला, गुडघे कडकड वाजवत तो वाकला, कपाटाच्या मागच्या फळीला पाडलेल्या चौकोनी खिडकीतून हात घातला आणि मेन कॉक फिरवला. धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. ती खिडकी तिच्या नवऱ्याने, ट्रेव्हरने पाडली होती, कडा कानशीने घासून गोल केल्या होत्या, म्हणजे हात घालणाऱ्याला खरचटू नये. एवढं काम करून स्टॅन पुन्हा दाराला टेकला आणि उंटावरून शहाणपण सांगायला मोकळा झाला. आधी भिंतीवरची कपाटं उतरवायची, मग ओटा, मग खालची. जॅनिसने खालून सुरुवात केली होती.

"घर पाडतानासुद्धा कुणी पायापासून सुरुवात करत नाही, बाई."

जॅनिसने फोनवर बघून घेतलं होतं सगळं. त्यात एक हसरा पोरगा पांढऱ्या शुभ्र शर्टात अख्खं स्वयंपाकघर चहा मुरेपर्यंत उतरवून ठेवत होता. दारं काढा, खण काढा, जोडस्क्रू काढा, कपाट पुढे ओढा, झालं. पण त्या पोराच्या स्वयंपाकघराला ट्रेव्हरचा हात लागलेला नव्हता. ट्रेव्हरचा जन्म बस डेपोत इंजिनं दुरुस्त करण्यात गेला, आणि घरातली साधी खुंटीसुद्धा तो अशी बसवायचा की जणू तिच्यावर उतारू बसवून घाट चढवायचा आहे. जिथे दोन स्क्रूंनी भागतं तिथे चार, आणि वरून सरस. सकाळपासून ती त्या माणसाशी झगडत होती, आणि तो दोन वर्षांपूर्वी गेलेला होता.

नळ निघाला. सिंकही निघालं, कडेचं सिलिकॉन सुरीने कापून, आणि बोटही कापून. स्टॅनने ते दोन्ही मागच्या अंगणात नेऊन ठेवलं. परत येऊन त्याने भिंतीवरच्या कपाटांकडे मान वर करून बघितलं.

"एका रेषेत आहेत अजून. केसाचा फरक नाही," तो म्हणाला. "मोजण्याचं वेडच होतं त्याला. आमचा कचऱ्याचा डबा मोजून गेला होता, कुत्रा मोजला होता. आमची लिंडसे लहान होती तेव्हा दर मे महिन्यात तिला फाटकाला पाठ लावून उभी करायचा आणि टेप धरायचा. म्हणे फाटकाची कडी पोरीच्या हाताला येईल अशी लावून देतो. कडी काही लावली नाही. लिंडसे उंचीत तुझ्या डोक्यावरून गेली त्या वर्षी मोजणंही सोडलं."

"कामं अर्धी सोडायची सवयच होती त्याला," जॅनिस म्हणाली.

हे खोटं होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं. स्टॅनने आपली कटावणी तिच्याजवळ ठेवली, लागलं तर हाक मार म्हणाला आणि गेला.

*

नवीन स्वयंपाकघर बसवणारी माणसं जुनं काढून न्यायला तयार होती. जॅनिसनेच नको म्हटलं. फोनवरच्या मुलीने दोनदा विचारलं, नक्की ना? नक्की, जॅनिस म्हणाली. हे जुनं तिला स्वतःच्या हाताने काढायचं होतं. का, ते त्या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं.

भिंतीवरची कपाटं मात्र तिच्या हाताला आली. आतल्या कोपऱ्यातला स्क्रू सैल केला, की कपाट वर उचलून खुंटीवरून सोडवायचं. एकेक छातीशी धरून तिने ती बैठकीत नेऊन ठेवली. कपाटांमागची भिंत जुन्या पिवळ्या रंगाची निघाली. त्या रंगाच्या भिंतीशी तिने लेकीला, हेदरला, खुर्चीवर बसवून अंडं भरवलेलं होतं. जॅनिसने तिकडे पाठ केली आणि ओट्याचे स्क्रू काढायला घेतले.

एवढ्यात फोन वाजला. नणंद होती, मॉरीन. मॉरीन रोज अकराच्या चहाला फोन करते आणि तिच्या नमनालाच घडाभर तेल लागतं. आज मात्र ती थेट मुद्द्यावर आली.

"डबा अजून फ्रिजवरच आहे का?"

डबा फ्रिजवरच होता. दहनगृहाने ट्रेव्हरची राख भरून दिला तसाच, हिरव्या प्लास्टिकचा, झाकणाला चिकटपट्टी. फ्रिज तेवढा बैठकीत गेला होता, त्यामुळे ट्रेव्हर सध्या टीव्हीशेजारी होता.

"अगं, माणूस आहे तो, बिस्किटांचा डबा नाही," मॉरीन म्हणाली. "टेकडीवरच्या दफनभूमीत जागा घेतलेली आहे तुम्ही. पोरीच्या शेजारी. मग अडलंय कुठे?"

जॅनिसने पेचकस खाली ठेवला.

"मॉरीन, हेदरला ठेवून आलो त्या दिवसानंतर तो एकदाही ती टेकडी चढला नाही. एकदाही नाही. जिवंतपणी जो चढला नाही, त्याला मेल्यावर मी काय म्हणून चढवू?"

पलीकडे चमचा कपात फिरत राहिला. मग मॉरीन म्हणाली की भाऊ तिचा होता तरी त्याच्या मनाचा थांग तिलाही कधी लागला नाही, आणि आईसुद्धा हेच म्हणायची. फोन ठेवताना तिने नेहमीप्रमाणे जॅनिसला जेवून घ्यायला सांगितलं.

*

हेदर गेली तेव्हा सहा वर्षांची होती. साधा ताप म्हणून निजवली, आणि आठवडा संपायच्या आत ती नव्हती. त्यानंतर जॅनिसची झोप गेली, भूक गेली, आणि तिच्या आईने तिला समुद्राकाठी आपल्याकडे नेलं. ती परत आली तेव्हा ट्रेव्हरने स्वयंपाकघर बदललेलं होतं. एकट्याने, रात्रंदिवस खपून. पांढरी कपाटं, राखी ओटा, सगळं चकचकीत. आणि जिथे कोठीचं दार होतं तिथे, त्या पोकळीत आत सरकवलेलं एक उंच कपाट.

कोठी म्हणजे जिन्याखालची अंधारी खोली, लोणी आणि दूध ठेवायची. हेदर तिथे लपायची. जॅनिस बाजारातून आली, पुढच्या दाराला चावी लावली, की आतून कोठीच्या दाराची कडी वाजायची. टक्. मग मुठीत दाबलेलं हसू. त्या दाराच्या चौकटीवर हेदरच्या दर वाढदिवसाची उंची होती. आमच्याकडे प्रत्येक घरात अशी एखादी चौकट असते. पोराला पाठ टेकवून उभं करायचं, डोक्यावर पुस्तक आडवं धरायचं, पेन्सिलीने रेघ मारायची. ट्रेव्हर पुस्तक धरायचा, जॅनिस रेघ मारून तारीख लिहायची, आणि हेदर टाचा उचलायची.

नवीन स्वयंपाकघराच्या दारात, अंगात कोट तसाच, जॅनिसने एवढंच विचारलं होतं.

"चौकट?"

"तिथं आता कपाट आहे," ट्रेव्हर म्हणाला होता, आणि किटली भरायला वळला होता.

त्यावर पुढे कधी बोलणं झालं नाही. आमच्या या खोऱ्यात माणसं दुःखावर चहा ओततात, आणि ट्रेव्हर तर ताकास तूर लागू न देणारा. त्याने हेदरचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही. मे महिन्यात तिचा वाढदिवस आला की जॅनिस फुलं घ्यायची आणि कोट चढवायची. तो म्हणायचा, तू हो पुढे, मला इथं थोडं काम आहे. कानावर पेन्सिल खोचलेली, हातात काहीतरी हत्यार. दर वर्षी तेच. काय काम, हे तिने विचारणं सोडून दिलं. पोरीला पुसून टाकून वर चकचकीत फळ्या ठोकणाऱ्या माणसाला काय विचारायचं? ती एकटी बसने जायची, दगडावरचं शेवाळ खरवडायची, फुलं ठेवायची, एकटी परत यायची.

आणि मग ते व्हायचं.

पहिल्या वर्षी तिला वाटलं, पाइप वाजला असेल. तिने पुढच्या दाराला चावी लावली, फिरवली, आणि आतून, स्वयंपाकघरातून, आवाज आला. टक्. कोठीच्या कडीचा आवाज. कोठी बंद झालेली, कडी भंगारात गेलेली, आणि आवाज तोच. ती आत गेली तेव्हा ट्रेव्हर तिच्याकडे पाठ करून किटली भरत होता. त्याने ऐकल्याचं काही दिसलं नाही. पुढल्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढल्या वर्षी चावी लावायच्या आधी ती पायरीवर थांबली, हलकेच म्हणाली, "हेदर, मी आले," आणि मग चावी फिरवली. टक्.

एरवी वर्षभर कधी नाही. फक्त त्या एका दिवशी, ती टेकडीवरून परत आली की.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, मॉरीनला नाही. ट्रेव्हरला तर नाहीच. तो आवाज तिचा होता, आणि खोटं कशाला बोला, बापाला जे ऐकू येत नाही ते आपल्याला येतं याचा तिला एक कडू आनंद होता. त्या आवाजासाठी तिने ते नावडतं स्वयंपाकघर इतकी वर्षं जपलं. शेजारपाजारच्या घरांत कपाटं बदलली, पुन्हा बदलली. जॅनिसने एक मूठसुद्धा हलू दिली नाही. ट्रेव्हरने तर कधी विषयच काढला नाही.

तो गेला. त्यानंतरच्या मे महिन्यात ती टेकडीवरून आली, नाव घेतलं, चावी फिरवली. काही नाही. कोटात घाम येईपर्यंत ती बोळकांडीत उभी राहिली. घर नुसतं घर होतं. तिने मनाची समजूत घातली, पुढल्या वर्षी येईल. पुढलं वर्ष म्हणजे गेला आठवडा. गेल्या आठवड्यातही काही नाही.

पोरगी गेली, तिला वाटलं. बापाबरोबर गेली. ज्याने कधी हाक मारली नाही त्याच्यामागून गेली, आणि मी दर वर्षी फुलं नेणारी इथेच राहिले. असा राग तिला मेलेल्या नवऱ्याचा आणि, देवा क्षमा कर, मेलेल्या पोरीचाही आला, की दुसऱ्याच दिवशी तिने नवीन स्वयंपाकघराची मागणी नोंदवली.

*

दुपार झाली. ओटा दोन तुकड्यांत निघाला. खालची कपाटं ट्रेव्हरने एकमेकांना, भिंतीला आणि जमिनीला अशी तिन्हीकडून जखडली होती. एकाचा स्क्रू फिरता फिरेना तेव्हा तिने कटावणी घालून फळीच फोडली, आणि ती फुटली तेव्हा तिला बरं वाटलं. स्टॅन मधे दोनदा येऊन, तोडलेलं उचलून, रस्त्यावर ठेवलेल्या भंगाराच्या लोखंडी पेटीत टाकून आला. पुढच्या घरातली मुलं, मागच्या रस्त्यावरची दुकानं, लिंडसेच्या नवऱ्याचं पोट असं सगळं बोलून झाल्यावर तो जेवायला गेला.

उरलं ते उंच कपाट. झाडू, बादली, इस्त्रीचं टेबल सकाळीच बाहेर काढलेलं होतं. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये तळहाताएवढ्या रुंदीची एक पांढरी पट्टी होती, जमिनीपासून वरपर्यंत, फट झाकायला बसवलेली. या पट्टीच्या खालच्या टोकाला, अगदी जमिनीशी, कडेचा एक टवका उडालेला होता. बोट जाईल एवढा. जॅनिसने तो लादी पुसताना हजार वेळा पाहिला होता आणि सुरुवातीला एकदा त्याला टोमणाही मारला होता, की एवढा काटेकोर माणूस, आणि उंदराला दार ठेवलंस. ट्रेव्हर हसला नव्हता. नंतर बघू, म्हणाला होता.

आधी पट्टी, मग कपाट, असं त्या हसऱ्या पोराने सांगितलं होतं. दिवसभराच्या अनुभवाने शहाणी झालेली जॅनिस पाय रोवून बसली, कटावणी उजव्या हातात तयार ठेवली, आणि कुठून घालावी ते चाचपायला डाव्या हाताचं बोट त्या टवक्यात घातलं. बोटाला कड लागली ती तुटक नव्हती. कानशीने घासून गोल केलेली होती.

तिने जरा ओढलं.

टक्.

अख्खी पट्टी तिच्या मांडीवर आली.

जॅनिस हलली नाही. भर दुपार होती, मागचं दार सताड उघडं होतं, गल्लीत कुणाचा तरी रेडिओ चालू होता. बऱ्याच वेळाने तिने पट्टी उचलली आणि जशी होती तशी जागेवर नेली. पट्टी तिच्या हातून ओढली गेली आणि बसली. टक्. तिने पुन्हा काढली. पुन्हा बसवली. पट्टीच्या पाठीवर, वर आणि खाली, कपाटाच्या दाराला लावतात तसे दोन लोहचुंबक होते. सरस नाही. एकही स्क्रू नाही.

मग तिने आत पाहिलं.

चौकट होती. जुन्या साय-रंगाची, कोठीच्या दाराची, एका बाजूची उभी. ट्रेव्हरने तिला हात लावला नव्हता. खाली, बसलेल्या जॅनिसच्या हनुवटीशी हेदरची पहिली रेघ होती, शेजारी जॅनिसचंच तिरकं अक्षर, नाव आणि तारीख. तिच्यावर दुसरी. पाचवीपाशी रेघ वाकडी झाली होती, कारण हेदर हसत होती आणि ट्रेव्हर म्हणत होता, टाचा खाली, चोर कुठली. मग सहावी. तिथे जॅनिसचं अक्षर संपत होतं.

रेघा संपत नव्हत्या.

सहाच्या वर सात होता. ट्रेव्हरचा ठोकळ्यासारखा आकडा, आणि पट्टीने आखल्यासारखी बारीक रेघ. नाव नाही, तारीख नाही. त्याच्या वर आठ. नऊ. दहा आणि अकरा एकमेकांना चिकटून, आणि अकराच्या वर बारा एकदम अर्धी वीत उंच. जॅनिसला हेदरच्याच वयाच्या लिंडसे अक्रॉइडची ती उन्हाळ्याची सुट्टी आठवली, शाळेचा स्कर्ट आखूड झाला म्हणून तिची आई गल्लीत सगळ्यांना सांगत होती. तेरा. चौदा. ती उठून उभी राहिली, कारण आकडे आता तिच्या डोक्याच्या वर गेले होते. पंधरा.

पंधराच्या थोडी वर शेवटची रेघ होती. तिच्यापुढे आकडा नव्हता. ही रेघ जाड होती, काळी, शिशाने चकाकणारी. एकावर एक, एकावर एक, इतक्यांदा ओढलेली की लाकडात खाच पडली होती. जॅनिसने अंगठ्याचं नख त्या खाचेत ठेवलं. ते आत बसलं.

ती वळली. चौकटीला पाठ लावली, टाचा टेकल्या, तळहात डोक्यावर आडवा धरला आणि तो न हलवता हळूच बाहेर निघून बघितलं. तळहात त्या रेघेवर होता. पोरगी आईएवढी झाली आणि तिथे थांबली. लिंडसे पुढे कितीही वाढली असेल.

म्हणजे ट्रेव्हर दर वर्षी इथे उभा असायचा. ती बसमधून उतरेपर्यंत, गल्ली चढेपर्यंत. पायरीवर तिचा पाय वाजला, चावी लागली, की पट्टी जागेवर. टक्. मग किटली.

तिने कधी त्याला वळवून त्याचं तोंड बघितलं नव्हतं.

*

मॉरीनने दुसऱ्याच घंटीला फोन उचलला.

"शनिवारी गाडी घेऊन येशील का?" जॅनिसने विचारलं.

"कुठं जायचंय?"

"टेकडीवर. ट्रेव्हरला घेऊन."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"पोरीशेजारी?"

"हं. तिच्याशेजारी."

"सकाळी झालं काय तुला? सकाळी तर म्हणालीस…"

"सकाळी मला माहीत नव्हतं," जॅनिस म्हणाली. "शनिवारी ये. आलीस की दाखवते."

खणांतलं सगळं सामान बैठकीत खोक्यांमध्ये भरलेलं होतं. इस्पितळाने ट्रेव्हरच्या वस्तूंची दिलेली पिशवी सगळ्यांत खालच्या खोक्यात निघाली. चष्मा, घड्याळ, आणि सुताराची ती चपटी पेन्सिल, टोक चावलेलं, करंगळीएवढी उरलेली. दाखल करताना कानावर होती, असं तेव्हा परिचारिका हसून म्हणाली होती, आणि जॅनिसला ते त्या वेळी अजिबात आवडलं नव्हतं.

ती चौकटीपाशी परत आली. दोन वर्षांचं राहिलं होतं. तिने पेन्सिल खाचेत ठेवली आणि डावीकडून उजवीकडे ओढली. खाच इतकी खोल होती की रेघ वाकडी जायला जागाच नव्हती. तिने ती दुसऱ्यांदा ओढली. मग पेन्सिल कानावर खोचली, पट्टी दोन्ही हातांनी उचलली आणि जागेवर नेली.

टक्.

"काय तुटलं?" मागच्या दारातून स्टॅनने विचारलं. तो जेवून आला होता, अजून काहीतरी चघळत होता.

"काही नाही तुटलं."

"हे राहिलंच की मग." तो उंच कपाटाकडे आला आणि त्याने बाह्या सरसावल्या. "सरक, मी खालून धरतो. दोघांत एका दमात निघेल."

"ते राहू दे, स्टॅन."

"हे एकच? अगं, नवीन सगळं येणार, आणि मधेच हे म्हातारं…"

"ते राहणार आहे. मी सांगते त्या लोकांना."

स्टॅन काही विचारायच्या बेतात होता. त्याने तिच्या कानावरच्या पेन्सिलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. जॅनिस पटकन वळली. चहा घेशील ना, असं काहीतरी ती म्हणाली, खिडकीतल्या खोक्यावरून किटली उचलली आणि त्याच्याकडे पाठ करून, भिंतीपाशी जाऊन, भरायला धरली.

तिथे उघडी भिंत होती आणि दोन पाइपांची तोंडं. नळ तर सकाळीच निघाला होता. स्टॅन अक्रॉइडनेच तो अंगणात नेऊन ठेवला होता. जॅनिस किटली तशीच धरून उभी राहिली, आणि स्टॅनने, उभ्या जन्मात पहिल्यांदा, काही म्हणून म्हटलं नाही.